हिरव्या मळ्याची भरपाई

पानमळा मेल्याची सरकारी मदत सुकुमालाअक्कांच्या खात्यात जमा झाली, तेव्हा मळा चांगला हिरवागार होता आणि अक्का त्याच मळ्यात शेवरीच्या झाडाला पानवेल बांधत होत्या. कमरेला खोचलेला फोन वाजला. अक्कांनी हातातलं बांधायचं लव्हाळं दातात धरलं, चष्मा पदरानं पुसला आणि संदेश वाचला. मग पुन्हा वाचला. शेजारच्या ओळीत वेल बांधत असलेल्या धाकट्या जावेला, त्रिशलाला, त्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. 'आपल्या विमा नसलेल्या पानवेल पिकाचे मर रोगाने नुकसान होणार असल्याने पूर्वमदत जमा करण्यात आली आहे. पाणी व खत बंद करून मळा रिकामा करावा.' शेवटी 'शासन आपल्या दुःखात सहभागी आहे' असंही होतं. दुःख व्हायच्या आधीच सरकार त्यात सहभागी झालं होतं.

त्रिशलानं हातातली वेल हळूच सोडली आणि स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पानमळ्यात चप्पल घालून कुणी शिरत नाही. अवकाळी पाऊस नुकताच होऊन गेलेला, त्यामुळे तिचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरले होते. त्या चिखलाकडे ती ज्या नजरेनं बघत राहिली, त्यावरून अक्कांना पुढचं सगळं कळलं.

"जा," अक्का म्हणाल्या. "चुन्याच्या पाण्यानं पाय धू आनि जा."

मिरजेच्या पूर्वेकडच्या त्या गावात पानमळे पिढ्यान् पिढ्यांचे आणि मळ्यांचे नियमही तितकेच जुने. मर हा चिखलातून पसरणारा रोग. त्याचा सूक्ष्म जीव ओल्या मातीत राहतो, मुळं कुजवतो आणि माणसाच्या तळव्याला चिकटून एका मळ्यातून दुसऱ्यात जातो. हे शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकातून पाहण्याआधी गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून मर लागलेल्या मळ्याच्या फाटकाला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा. डहाळा बांधल्यावर त्या मळ्यात जो पाऊल टाकेल, त्यानं वर्षभर दुसऱ्या कुठल्याही मळ्यात जायचं नाही, स्वतःच्यासुद्धा नाही. येणंजाणं, जेवणखाण, लग्नकार्य सगळं चालतं. मळ्यात पाऊल तेवढं नाही. पूर्वी ओळीतल्या वेली माना टाकू लागल्या की जाणती माणसं येऊन बघायची आणि मग डहाळा बांधायची. आता यंत्र आल्यापासून बघायला कुणी येत नव्हतं. फोनवर संदेश आला की डहाळा.

तो बांधायला संध्याकाळी अक्कांचे धाकटे दीर, त्रिशलाचे नवरे आदगोंडा आले. थोरला भाऊ तवनाप्पा गेल्यापासून वैनींचं बाहेरचं सगळं तेच बघायचे. डहाळ्याची गाठ त्यांनी दोनदा सोडून पुन्हा मारली. "वैनी, दुसऱ्या कुनाला हे कराय लावाय नको वाटलं," एवढं म्हणून ते खाली मान घालून निघून गेले.

आता हे यंत्र काय होतं ते सांगायला हवं. वेल मुकी असते असं आपण समजतो, पण ती तशी नसते. मुळाला इजा झाली की विजेची एक अगदी बारीक लहर खोडातून वर सरकते, आणि मुळापासून पानापर्यंत पाणी चढण्याची लयही बदलते. आजारी माणसाची नाडी बदलावी तसंच. पान पिवळं पडलेलं आपल्याला दिसतं तोवर मुळं बरीचशी कुजून गेलेली असतात. म्हणून कृषी खात्यानं मळ्यामळ्यातून हरभऱ्याएवढे चिमटे वेलींच्या खोडांना लावले होते. लोक त्यांना नाड्या म्हणायचे. या नाड्या वेलीच्या लहरी टिपायच्या आणि दूरवरच्या संगणकाकडे धाडायच्या. त्या संगणकानं राज्यभरच्या मेलेल्या आणि जगलेल्या पिकांच्या लहरी, पाऊस, ऊन, माती असं सगळं ताडून एक गोष्ट शिकून घेतली होती. कुठलं पीक मरणार, हे तो वेल मान टाकायच्या महिना-दीड महिना आधी सांगायचा. तालुक्यात त्याचा अंदाज अजून एकदाही चुकला नव्हता.

आणि याचा उपयोग मोठा होता. पानवेलीला विमा देणारी कंपनी नाही. वेल नाजूक, रोगराई फार, कोण कशाला हात घालील? मळा गेला की सरकारी मदत हाच काय तो आधार. ती पूर्वी कशी यायची ते सगळ्यांना ठाऊक होतं. पीक जायचं, पंचनामा व्हायचा, कागद फिरायचे, आणि मदत पदरात पडेपर्यंत पुढचंही पीक गेलेलं असायचं. वरातीमागून घोडं. आता घोडं वरातीच्या पुढं निघालं होतं. पैसे आधी, मरण मागून. नवी लागवड वेळेवर व्हायची, सावकाराचं तोंड बघावं लागत नव्हतं. लोक यंत्राला दुवा द्यायचे, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

अक्काही देत आल्या होत्या. पण त्यांची अडचण निराळी होती.

अक्कांच्या सासरच्या खोतांचे दोन मळे वाटणीत वेगळे झालेले. मध्ये शेवरी आणि हादग्याचं दाट कुंपण. मळे वेगळे झाले तरी जावा वेगळ्या झाल्या नव्हत्या. सकाळी दोघी अक्कांच्या मळ्यात, दुपारची भाकरी खाल्ली की त्रिशलाच्या. भांडायच्या मळ्यातच आणि समेटही मळ्यातच व्हायचा. तवनाप्पा गेले त्या वर्षी अक्कांनी अंथरूण धरलं होतं. लेक शीतल पुण्याला न्यायला आली होती. तेव्हा त्रिशला रोज सकाळी दाराशी उभी राहायची आणि सांत्वनाचं एक अक्षर न बोलता म्हणायची, "अक्का, वेली लोंबाय लागल्यात." शेवटी एके दिवशी अक्का चिडून उठल्या आणि मळ्यात गेल्या. तेव्हापासून त्या उठत होत्या.

मळा गेला तर दिवसभर करायचं काय, हा अक्कांपुढचा प्रश्न नव्हता. कुणाबरोबर करायचं, हा होता.

डहाळा बांधल्यावर पहिले काही दिवस दोघी कुंपणाच्या दोन बाजूंनी बोलायच्या. बोलायला नियमाची आडकाठी नव्हती. पण काम करताकरता बोलणं वेगळं आणि बोलायचं म्हणून बोलणं वेगळं. पलीकडून प्रज्ञाचा, म्हणजे त्रिशलाच्या सुनेचा आवाज यायचा, मजुरांची थट्टामस्करी यायची. अलीकडे अक्का एकट्या बसून हिरव्या पानांकडे बघायच्या. शीतलचा रोज फोन यायचा. पैसे आलेत, आता कशाला राबतेस, मळा मोकळा कर आणि माझ्याकडे ये, नातवंडं वाट बघतायत. लेकीचं काही चुकत नव्हतं. अक्का हं हं म्हणायच्या.

मग एका सकाळी कृषी सहायक कुलभूषण मगदूम नाड्या काढून न्यायला आला. जवळच्याच गावचा पोरगा, बोलायला गोड, पायातले बूट फाटकाबाहेर काढून त्यानं पायांत प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. अक्कांनी त्याला चहा दिला आणि विचारलं की यंत्र चुकत नाही का कधी. तो म्हणाला, नाही चुकत, काकू. तुमच्या खालच्या ओळींत पाणी साचून राहिलं होतं, मुळं कुजायला लागलीत, लहरी स्पष्ट आहेत. मग अक्कांनी विचारलं, ज्यांना असे संदेश आले त्यांतल्या कुणी मग मळ्याचं काय केलं?

मगदूमनं खरं ते सांगितलं.

"संदेश आल्यावर मळ्यात कुणीच काही करत नाही, काकू. पाणी बंद, खत बंद. डहाळा बांधला की मजूर येत नाहीत, भावकी येत नाही. त्या मळ्यांत उतरण झाल्याची एकसुद्धा नोंद आमच्याकडं नाही. मग मळा मरतो आणि यंत्र म्हणतं, बघा, माझं खरं झालं." त्यानं कप खाली ठेवला. "यंत्र खोटं बोलतंय असं मी म्हणणार नाही. पण मरणाऱ्या वेलीची सेवा केली तर काय होतं, हे त्याला कुणी कधी दाखवलेलंच नाही."

उतरण म्हणजे काय, हे पानमळ्याच्या मुलखात लहान पोरही सांगेल. वेल वर्षभर चढत जाते, वर पानं आणि खाली नुसतं उघडं खोड उरतं. मग उन्हाळ्याच्या तोंडाला तिचे बांध सोडून तिला खाली घ्यायचं, उघड्या खोडाचं वेटोळं बुडाशी नव्या मातीत पुरायचं आणि शेंडा पुन्हा झाडाला बांधायचा. पुरलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात आणि वेल पुन्हा तरुण होते. मगदूमच्या बोलण्यातून अक्कांच्या मनात जे उमटलं ते साधं होतं. जुनी मुळं कुजतायत तर कुजू देत, नवी फुटली तर?

मगदूमनं सावध केलं. मदत महिनाअखेरच्या आत परत करता येते, पण केली की केली. नंतर मळा खरोखर गेला तरी या वर्षी पैसाही मिळणार नाही. वर पेरांपर्यंत रोग चढला असेल तर उतरण करूनही उपयोग नाही, आणि चढलाय की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. जाताना त्यानं वरच्या ओळींतल्या नाड्या काढल्या नाहीत. विसरलो असं लिहीन, म्हणाला.

अक्कांनी पैसे परत केले. गावात बातमी वाऱ्यासारखी पसरली. म्हातारीला भ्रम झाला, असं काहींचं मत पडलं. शीतल फोनवर रडली, मग रागावली, मग पुन्हा रडली. आदगोंडांनी कुंपणापलीकडून एकच विचारलं, वैनी, हाताखाली कोण? अक्कांनी कुदळ उचलली.

उतरण एकट्यानं होत नाही. एकीनं वरून सोडवलेल्या वेलीचा सगळा भार खांद्यावर तोलायचा आणि दुसरीनं बुडाशी बसून खोडाला हळूहळू वळण द्यायचं. भार जरा हलला की खोड काकडीसारखं मोडतं. अक्कांनी चर खणला, माती भुसभुशीत केली, पहिल्या वेलीचे बांध सोडले. खांद्यावर घेऊन त्या बसायला गेल्या, आणि कट् असा आवाज झाला. दुसऱ्या वेलीला त्यांनी काठीचा टेकू दिला. तीही मोडली. तिसरीच्या वेळी त्यांनी काळजी घेतली, श्वास धरला, वेल अर्धी खाली आली, आणि मोडली. मोडक्या वेलीवर पानं टवटवीत होती. अक्का तिथंच मातीत बसल्या आणि तवनाप्पांच्या मागं प्रथमच मोठ्यानं रडल्या.

कुंपणापलीकडचं बोलणं बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का फाटकाशी आल्या तर त्रिशला तिथं उभी. कमरेला पदर खोचलेला, हातात लव्हाळ्याची जुडी. तिनं चपला काढून फाटकाबाहेर नीट शेजारीशेजारी ठेवल्या होत्या.

"त्रिशले, डहाळा दिसत न्हाई का तुला?"

"दिसतोय की."

"मग मागं फिर. आत पाऊल टाकलंस तर वर्षभर तुझा मळा बंद."

"ठाव हाय. पाण्याच्या मोटारीची किल्ली प्रज्ञाच्या हातात देऊनच आले."

ज्या सुनेच्या हाताला त्रिशलानं आजवर एक वेल धड बांधू दिली नव्हती, तिच्या हातात अख्खा मळा? "ती तर वेल शेळी बांधल्यागत बांधती म्हनायचीस तू."

"बांधू दे. वेल त्येनं मरत न्हाई, नुसती वाकडी वाढती."

"अगं पर असं कुनी करतं का? मोतीवानी मळा हाय तुझा. कशापायी?"

त्रिशलानं एकदा कुंपणाकडे पाहिलं, पलीकडे तिच्या वेली उन्हात चमकत होत्या. मग ती म्हणाली, "माझ्या मळ्यात चार मानसं हायती, अक्का. तुमच्या मळ्यात कोन हाय?"

आणि तिनं डावं पाऊल उचलून आत चिखलात ठेवलं, मग उजवं. नियम मोडला नव्हता. नियम आजारी मळ्यातून चांगल्या मळ्यात जाऊ नको म्हणत होता. आजारी मळ्याबरोबर राहू नको, असं तो कुठंच म्हणत नव्हता. इतक्या वर्षांत तसं राहायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, इतकंच.

त्या उन्हाळ्यात दोघींनी उतरण केली. त्रिशला उंच, तिच्या खांद्यावर वेल. अक्का बुडाशी, खोडाला कुरवाळत वळण देणार. आधी साचलं पाणी काढायला चर खणले, कुजका भाग कोयत्यानं कापून जाळला, मग नवी माती. दोघींचं भांडण पहिल्याच दिवशी झालं, वेटोळं डावीकडून की उजवीकडून यावरून, आणि अक्कांना इतकं बरं वाटलं की त्यांनी ते मुद्दाम लांबवलं. शीतल सुटीत पोरांना घेऊन आली, दोन जावा चिखलात बसून एकमेकींवर ओरडतायत हे तिनं पाहिलं, आणि पुण्याला चल हे शब्द तिनं पुन्हा काढले नाहीत. कुंपणापलीकडे प्रज्ञाही उतरण करत होती. तिकडून वेल मोडल्याचा आवाज आला की त्रिशलाचा हात क्षणभर थांबायचा.

खालच्या ओळी गेल्या. यंत्रानं सांगितलेल्या सुमारालाच त्यांनी माना टाकल्या, आठवडाभरात काळ्या पडल्या. यंत्र खरंच बोललं होतं, आणि आता भरपाईही नव्हती. वरच्या ओळी मात्र उभ्या होत्या, पण मान टाकायच्या आदल्या दिवसापर्यंत खालच्या ओळीही अशाच उभ्या होत्या. मृग संपेस्तोवर दोघी रोज पानं उलटून बघायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या.

आर्द्रा लागल्यावर मगदूम आला. पायांत पिशव्या बांधून वरच्या ओळींत शिरला आणि विसरलेल्या नाड्यांवरची माहिती आपल्या हातातल्या संगणकाच्या पाटीवर बघत बराच वेळ उकिडवा बसला. अक्का आणि त्रिशला दोन बाजूंना उभ्या. काय म्हणतंय, असं अक्कांनी दोनदा विचारल्यावर त्यानं पाटी त्यांच्यासमोर धरली. तिथं एकच ओळ होती, 'या पिकाबद्दल अंदाज देता येत नाही.'

"हे चांगलं का वाईट?" अक्कांनी विचारलं.

"काकू, मरणार असतं तर यानं ठामपणे सांगितलं असतं." मगदूम उभा राहिला. लहरी जुन्या मुळांच्या नाहीत, म्हणाला. नव्या मुळांच्या आहेत, आणि असल्या लहरी यंत्रानं याआधी कधी पाहिलेल्या नाहीत. आता तुमच्याकडून शिकेल. वरती लिहून कळवतो, पुढच्या वर्षी संदेशात 'मळा रिकामा करावा' एवढंच नसेल, मळा राखायचा असेल त्यालाही मदत मिळेल, असा प्रयत्न करतो. होईल का, ते माहीत नाही. तोही अंदाज देऊ शकत नव्हता.

अक्कांनी वाकून एका वेलीच्या बुडाची माती बोटानं उकरली. पांढरीशुभ्र, भाताच्या शितासारखी कोवळी मुळं पेरापेराला फुटली होती. "त्रिशले, बघ गं," असं म्हणत त्यांनी वर पाहिलं, तर त्रिशला ओळीत मटकन बसलेली. तोंडात पदराचा बोळा धरून ती रडत होती. अक्कांना वाटलं आनंदानं रडतेय. जवळ जाऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मला माझा मळा बघायचाय, अक्का," त्रिशला म्हणाली.

इतके महिने ती आपल्या मळ्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. वेल मोडल्याचे आवाज ऐकत होती, पाणी कमी पडतंय की जास्त हे वासावरून ओळखत होती, आणि अक्कांच्या वेलींना खांदा देत होती. जा, असं त्यांना म्हणता येत नव्हतं. पुढल्या उतरणीपर्यंत कुणालाच म्हणता येणार नव्हतं.

त्या उठल्या. कुंपणापाशी गेल्या आणि दोन्ही हात आत घालून त्यांनी शेवरीच्या फांद्या बाजूला ओढल्या. फांद्या चिवट होत्या. अक्कांनी खांदा लावला, हादग्याच्या काटक्यांचा गुंता हातांनी मोडला, आणि माणसाचं तोंड मावेल एवढी खिडकी झाल्यावर पलीकडे हाक मारली.

"प्रज्ञा, ए प्रज्ञा. हिकडं ये. तुझ्या सासूला वेली दाव."

प्रज्ञा धावत आली. कुंपणापलीकडच्या मातीत तिनं गुडघे टेकले, जवळची एक वेल दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि फटीसमोर धरली. वेल थोडी वाकडी होती, बांध अजून शेळीच्याच दाव्यासारखे होते, पण पान तळहाताएवढं रुंद आणि तेलकट हिरवं होतं. त्रिशला इकडून बघत राहिली. हात लावायला तिनं बोटं पुढं केली आणि मध्येच मागं घेतली. मग सुनेला म्हणाली, "बांध जरा सैल ठेव, वाढतीया ती." प्रज्ञानं मान हलवली आणि पुढची वेल उचलली, मग तिच्या पुढची. एकेक करून सबंध ओळ ती दाखवत गेली. अक्कांचे दंड भरून आले, फांद्या मनगटात रुतल्या, पण ओळ संपेपर्यंत त्यांनी कुंपण तसंच धरून ठेवलं.